प्रतिस्पर्धी देशाचा नेता आपल्या देशाच्या परराष्ट्र धोरणाबद्दल बरोबर बोलला, तर?

बिंदूचौककर (धागाकर्ता)

११ सप्टेंबर २०१३ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांचा एक लेख प्रसिद्ध केला. तो थेट अमेरिकी जनतेला उद्देशून होता. त्याआधी तीन आठवडे, २१ ऑगस्टला, दमास्कसजवळच्या घौता भागात विषारी वायूने शेकडो माणसे मेली होती आणि ओबामा प्रशासन सीरियावर क्षेपणास्त्रे डागण्याच्या तयारीत होते. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने २९ ऑगस्टला २८५ विरुद्ध २७२ मतांनी या कारवाईत पडण्यास नकार दिला होता. खुद्द अमेरिकेतही इराकमध्ये हात पोळल्यानंतर आणखी एक लढाई अंगावर घेण्याची बहुसंख्य लोकांची इच्छा नव्हती. नेमक्या त्या दिवसांत पुतिन यांनी लिहिले की, सुरक्षा परिषदेची संमती नसताना आणि स्वसंरक्षणाचा प्रश्न नसताना दुसऱ्या देशावर बळ वापरणे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला धरून नाही, ते आक्रमणच ठरते.

वॉशिंग्टनमध्ये गदारोळ झाला. सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीचे तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मेनेंडेझ यांनी लेख वाचून ओकारी येण्याची वेळ आली, असे जाहीरपणे सांगितले. जॉन मॅकेन यांनी आठवड्याभरात 'प्रावदा.रू' या रशियन संकेतस्थळावर प्रत्युत्तर लिहिले. (गंमत अशी की, कम्युनिस्ट पक्षाचे 'प्रावदा' वृत्तपत्र वेगळे आणि हे संकेतस्थळ वेगळे.) मला मात्र या दोघांपेक्षा एका तिसऱ्याच माणसाची काळजी वाटते. ओहायोतला कोणी शिक्षक असेल, जो महिनाभर आपल्या शेजाऱ्यांना सांगत होता की हा हल्ला बेकायदा आहे, आणि एका सकाळी पेपर उघडून बघतो तर त्याचेच म्हणणे, त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत, पुतिन यांनी मांडलेले. आता त्याने काय करावे? गप्प बसावे, मत बदलावे, की "होय, या मुद्द्यावर पुतिन बरोबर आहेत" असे म्हणावे?

माझे उत्तर असे आहे की त्याने तसे म्हणावे, परंतु कोणत्या वाक्यापुरते म्हणतो आहोत ते बोट ठेवून दाखवावे. कारण त्या एका लेखात निदान तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. पहिली गोष्ट कायद्याची. सनदेचे कलम २(४) आणि कलम ५१ यांचा अर्थ त्यांनी सांगितला तसाच आहे, आणि १९९९ मध्ये युगोस्लाव्हियावर किंवा २००३ मध्ये इराकवर सुरक्षा परिषदेची स्पष्ट परवानगी न घेता जे झाले त्यावर हाच आक्षेप भारतासह अनेक देशांनी घेतला होता. दुसरी गोष्ट वस्तुस्थितीची. वायू सीरियाच्या सैन्याने नव्हे तर विरोधी बंडखोरांनी वापरला असे मानायला जागा आहे, असे त्यांनी लिहिले. संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकाचा अहवाल पाचच दिवसांनी, १६ सप्टेंबरला आला. त्यात सरीन हा विषारी वायू आणि जमिनीवरून जमिनीवर मारा करणारे अग्निबाण यांचा पुरावा होता. दोषी कोण हे ठरवण्याचा अधिकार पथकाला दिलेला नव्हता; तरी अग्निबाणांच्या दिशेबद्दलच्या नोंदी पाहून अनेक जाणकारांनी सरकारी सैन्याकडेच बोट दाखवले. तिसरी गोष्ट उपदेशाची. ओबामा आदल्या रात्रीच्या भाषणात अमेरिका इतरांहून वेगळी असल्याचे म्हणाले होते, त्यावर पुतिन यांनी लेखाच्या शेवटी टोला हाणला.

पहिल्या गोष्टीशी सहमत होणारा माणूस दुसरीला बांधील नसतो. आणि पुढे काय झाले ते पाहा. सहा महिने उलटले नाहीत तोच रशियाने क्रिमिया घेतला. १८ मार्च २०१४ च्या क्रेमलिनमधल्या भाषणात पुतिन यांनी समर्थनासाठी पाश्चात्त्यांच्या पाठिंब्याने सर्बियापासून वेगळ्या झालेल्या कोसोव्होचाच दाखला दिला. म्हणजे पाश्चात्त्यांच्या ज्या वागण्यावर रशियाने वर्षानुवर्षे आक्षेप घेतला, तेच वागणे स्वतःसाठी आधार म्हणून वापरले. २७ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेचा ठराव १०० विरुद्ध ११ मतांनी संमत झाला, ५८ देश तटस्थ राहिले आणि त्यांत भारत होता. सप्टेंबरमधला नियम मार्चमध्ये खोटा ठरला नव्हता. उलट, ज्याने तो सप्टेंबरमध्ये ओबामांच्या विरोधात मानला होता, त्यालाच मार्चमध्ये पुतिन यांना जाब विचारण्याचा खरा अधिकार राहिला. ज्यांनी "पुतिन म्हणतात म्हणून चूक" असे म्हटले होते, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही उरले नव्हते.

सभासदांनी आपापली मते द्यावीत. विनंती एवढीच की सध्याच्या पक्षीय भांडणात कोणी शिरू नये.

---

शिरोलीकर उद्योजक

सर, तुमचा युक्तिवाद वर्गात शोभतो, व्यवहारात तो टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या देशाचा प्रमुख दुसऱ्या देशाच्या जनतेला उद्देशून लेख लिहितो तेव्हा तो लोकशिक्षणासाठी लिहीत नाही. रशियाचा सीरियात तार्तूस येथे नाविक तळ होता, सीरियाचा तेव्हाचा अध्यक्ष असाद हा त्यांचा जुना माणूस होता आणि त्याच्यावर पडणारे क्षेपणास्त्र थांबवणे हा त्या लेखाचा एकमेव उद्देश होता. तो साध्य झाला. १४ सप्टेंबरला जिनिव्हात करार झाला, २७ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २११८ संमत केला, सीरियाने सुमारे १,३०० टन रासायनिक साठा जाहीर करून स्वाधीन केला, आणि रासायनिक अस्त्रबंदी संघटनेला त्या वर्षीचे शांततेचे नोबेलही मिळाले. परंतु एप्रिल २०१७ मध्ये खान शेखून गावात पुन्हा सरीनच वापरले गेले. म्हणजे साठा पूर्ण दिलाच नव्हता. तुमच्या ओहायोतल्या शिक्षकाच्या सहमतीची किंमत त्या गावाने मोजली, असे कोणी म्हटले तर तुम्ही काय उत्तर द्याल?

दुसरे असे की, घरात कितीही वाद असोत, बाहेर एकच आवाज गेला पाहिजे, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली पद्धत आहे. १९९४ मध्ये जिनिव्हात मानवाधिकार आयोगापुढे पाकिस्तानने काश्मीरचा ठराव आणला तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते वाजपेयी यांना भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख करून पाठवले. पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. त्या शिष्टमंडळातल्या एखाद्याने तिथे उभे राहून "पाकिस्तानचा अमुक मुद्दा मात्र बरोबर आहे" असे म्हटले असते, तर ते सत्य असले तरी त्याचे काय झाले असते याचा विचार व्हावा.

---

पेठेतला

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा फुटबॉल सामना चालू असताना समोरच्या पाठीराख्यांतला एखादा म्हातारा ओरडून सांगतो की तुमची डावी बाजू उघडी पडली आहे. सांगण्यामागे त्याचा हेतू आपल्याला खिजवण्याचा असतो, पण बाजू खरोखर उघडी असते. आपण त्याला हार घालत नाही आणि शिव्याही पुऱ्या देत नाही, कारण तेवढ्यात आपला प्रशिक्षक मध्यंतराची वाट न बघता खेळाडू बदलत असतो. माझ्या मते धाग्याचे उत्तर एवढेच आहे. बाकी चर्चा वाचतो आहे.

---

सुभेदार, शिरोळ तालुका (निवृत्त)

मी सहसा लिहीत नाही, परंतु या विषयातून मी स्वतः गेलो आहे म्हणून लिहितो.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, तेव्हाच खरे तर कळायला हवे होते की यजमानांच्या घरात सगळ्यांनाच आम्ही नको आहोत. ऑक्टोबरपासून आमची लढाई लिट्टेशी सुरू झाली, ज्यांना काही वर्षांपूर्वी भारतातच प्रशिक्षण मिळाले होते. जाफन्याच्या बाजूला ताडाच्या झावळ्यांची कुंपणे असतात, माणसाच्या उंचीहून उंच. त्यांच्यामधून जाणारी वाट पाहिली की पुढच्या माणसाने कुठे पाय टाकला तिथेच मागच्याने टाकायचा, असा आमचा शिरस्ता होता, कारण सुरुंग कुठे पेरला आहे याचा भरवसा नव्हता. रस्त्यावरून गाडीने जाणे सर्वांत धोक्याचे, म्हणून आम्ही शक्यतो चालत जात असू.

१९८८ च्या अखेरीस तिथे प्रेमदासा निवडून आले आणि १ जून १९८९ रोजी त्यांनी जाहीर सभेत सांगितले की भारतीय फौजेने जुलैअखेर देश सोडावा. ही बातमी आम्ही ट्रान्झिस्टरवर ऐकली. आता मी तुम्हांला प्रामाणिकपणे सांगतो, आमच्या तळावर त्या संध्याकाळी प्रेमदासांचे म्हणणे चुकीचे आहे असे म्हणणारा एकही जवान नव्हता. आमचे सरकार अजून थांबा म्हणत होते, परक्या देशाचा अध्यक्ष जा म्हणत होता, आणि आमचे मत त्या अध्यक्षाच्या बाजूने होते. याला कोणी देशद्रोह म्हणणार असेल तर त्याने माझ्यासमोर येऊन म्हणावे.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. त्याच १९८९ सालात प्रेमदासांचे सरकार लिट्टेशी बोलणी करत होते आणि त्यांना शस्त्रेही पुरवत होते, हे पुढे उघड झाले. ती शस्त्रे आमच्यावर चालण्यासाठी होती. ज्या माणसाचे म्हणणे आम्हांला पटत होते, तोच माणूस आमच्या मुळावर उठला होता. मग त्याचे म्हणणे चूक ठरले का? नाही. फौज परत यायलाच हवी होती. विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाल्यावर ती आली, शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली, आणि तोपर्यंत आपले सुमारे बाराशे जवान गेले होते. प्रेमदासांची मागणी पटत असताना त्यांच्यावर विश्वास ठेवण्याची गरज आम्हांला कधी वाटली नाही. रात्रीचा पहारा आम्ही त्या संध्याकाळीही नेहमीपेक्षा कडकच ठेवला होता. पुढे १ मे १९९३ ला प्रेमदासांनाही लिट्टेनेच मारले, ते सर्वांना माहीत आहे.

उद्योजकसाहेब, जिनिव्हातल्या शिष्टमंडळाबद्दल तुमचे बरोबर आहे. वकील जसा अशिलाच्या विरोधात बोलत नाही तसा राजदूतही बोलत नाही. पण आपण इथे लिहिणारे काही राजदूत नाही.

---

कसबा बावड्याची वकील

सुभेदारकाकांचा प्रतिसाद वाचल्यावर कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण "असे बोलणे गुन्हा आहे" हे वाक्य आजकाल फार सहज ऐकू येते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणे मोजून दिलेली आहेत. "परकीय राज्यांशी मैत्रीचे संबंध" हे कारण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले, तर "भारताची सार्वभौमता आणि एकात्मता" हे कारण १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने. यांतले पहिले कारण मला नेहमीच मजेशीर वाटते. मित्रदेशाशी असलेले संबंध बिघडतील असे काही बोललात तर अडचण येऊ शकते. प्रतिस्पर्धी देशाचा नेता एका मुद्द्यावर बरोबर आहे असे म्हटल्याने येणारी अडचण त्या यादीत वेगळी लिहिलेली नाही. अर्थात राज्याची सुरक्षितता हे कारण यादीत आहे आणि ते पुरेसे व्यापक आहे. राजद्रोहाच्या जुन्या कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने केदारनाथ सिंह खटल्यात जानेवारी १९६२ मध्ये, म्हणजे चीन युद्धाच्या काही महिने आधी, सांगून ठेवले आहे की सरकारच्या धोरणावरची टीका कितीही कडक असली तरी हिंसेची चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याचा कल असल्याशिवाय तो गुन्हा होत नाही. जुलै २०२४ पासून ते कलम जाऊन भारतीय न्याय संहितेचे कलम १५२ आले. त्याची भाषा वेगळी असली तरी शासनाच्या उपाययोजनांवर नापसंती व्यक्त करणे म्हणजे गुन्हा नव्हे, असे स्पष्टीकरण त्यातही जोडलेले आहे.

कायदा एवढाच. उरलेला सगळा प्रश्न शहाणपणाचा आहे, आणि त्यासाठी न्यायालयाकडे जाऊन उपयोग नाही.

---

गारगोटीहून

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे, म्हणून एक अलीकडचे आणि उलट्या दिशेचे उदाहरण देतो. २० मार्च २०२२ रोजी मलाकंड भागातल्या जाहीर सभेत पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांनी भारताच्या परराष्ट्र धोरणाला सलाम केला. भारत अमेरिकेबरोबर 'क्वाड'मध्ये आहे आणि तरीही निर्बंध असताना रशियाकडून तेल घेतो, कारण त्याचे धोरण स्वतःच्या जनतेसाठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या महिन्यात अविश्वास ठरावाने त्यांचे सरकार गेले, आणि त्याच धामधुमीत विरोधी नेत्या मरियम नवाझ यांनी त्यांना सुनावले की भारत इतका आवडत असेल तर तिकडेच जाऊन राहा.

हे वाक्य आपल्याकडे आपण दिशा बदलून रोज ऐकतो. पण मला इथे सरांना एक प्रश्न विचारायचा आहे. इम्रान खान यांना भारताचे कौतुक करायचे होते की आपल्या देशातल्या सेनापतींना टोमणा मारायचा होता? मला दुसरे वाटते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी सहमत होणे हेसुद्धा बहुतेक वेळा घरच्याच भांडणातले हत्यार असते. मग अशा सहमतीला काही वजन द्यावे का?

---

बिंदूचौककर (धागाकर्ता)

गारगोटीच्या मित्राचा प्रश्न नेमका आहे. माझी कसोटी अशी की, प्रतिस्पर्ध्याने ते बोलण्याआधी आपल्या बाजूच्या कोणी ते म्हटले होते का, हे शोधावे. पुतिन यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये म्युनिकच्या परिषदेत नाटोच्या पूर्वेकडील विस्तारावर टीका केली. परंतु त्याआधी दहा वर्षे, १९९७ मध्ये, जॉर्ज केनन यांनी हा विस्तार म्हणजे शीतयुद्धोत्तर काळातली अमेरिकेची सर्वांत घातक चूक ठरेल असे लिहून ठेवले होते. सोव्हिएत संघाला रोखण्याचे धोरण ज्यांनी आखले, ते हेच केनन. त्यांना मॉस्कोचा हस्तक म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. आज एखादा अमेरिकी नागरिक हे मत मांडतो तेव्हा तो केननशी सहमत असतो की पुतिन यांच्याशी? मत एकच असते, पण त्यातून काढायचे निष्कर्ष वेगळे. विस्तार अविचाराचा होता, असे केनन यांच्याबरोबर म्हणता येते. म्हणून २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर रणगाडे घालण्याचा हक्क मिळाला, असे म्हणण्यासाठी मात्र पुतिन यांच्याच पंगतीला बसावे लागते.

आता घरच्या, अधिक दुखऱ्या उदाहरणाकडे येतो. एप्रिल १९६० मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय दिल्लीला आले आणि त्यांनी सूचकपणे तोडगा पुढे केला की चीनने पूर्वेकडे तडजोड करावी आणि भारताने अक्साई चीनमध्ये. बोलणी फिसकटली. नोव्हेंबर १९६१ मध्ये आपण पुढे सरकून लहान लहान चौक्या उभारण्याचे धोरण घेतले. चीनचे म्हणणे असे की हीच चिथावणी होती. आपल्या मनात लगेच येते की हे शत्रूचे म्हणणे आहे. परंतु युद्धानंतर आपल्याच लष्कराने पराभवाची चौकशी करण्यास लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांना सांगितले. त्यांचा १९६३ चा अहवाल सरकारने आजतागायत अधिकृतपणे खुला केलेला नाही. एका परदेशी पत्रकाराने २०१४ मध्ये त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, त्यातून एवढे कळते की त्या धोरणाला लागणारे बळ सैन्याकडे नसताना ते रेटले गेले, यावरच अहवालाचा रोख होता. नामका चू नदीकाठी आपले जवान सुती गणवेशात, जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका घेऊन, विमानातून टाकलेल्या आणि बऱ्याचदा दरीत जाऊन पडणाऱ्या शिध्याच्या भरवशावर उभे होते. समोर थागला कड्यावर चिनी सैन्य उंचावर होते.

म्हणजे धोरण चुकले, या निष्कर्षापर्यंत पेकिंग (म्हणजे चीन सरकार) आणि आपले चौकशी अधिकारी दोघेही पोहोचले. पेकिंगच्या मते ते चुकले, कारण जमीनच आमची होती. आपल्या अधिकाऱ्यांच्या मते ते चुकले, कारण आपल्या जमिनीच्या रक्षणाची तयारी न करता माणसे पुढे ढकलली. हा फरक न सांगता "१९६२ ला चीनचे बरोबर होते" असे जो म्हणतो, त्याच्याशी माझे भांडण आहे. आणि हा फरक न ऐकता जो समोरच्याला गद्दार ठरवतो, त्याच्याशी त्याहून मोठे.

महाराष्ट्राला हा अनुभव जवळून आहे. त्या वेळी कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष आपले श्रीपाद अमृत डांगे होते. त्यांच्या पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने १ नोव्हेंबर १९६२ ला चिनी आक्रमणाचा निषेध करून नेहरूंना पाठिंबा दिला. पक्षातल्या दुसऱ्या गटाला तो ठराव मान्य नव्हता. भारत संरक्षण नियमांखाली शेकडो कार्यकर्ते तुरुंगात गेले, आणि सीमावाद बोलणी करून मिटवा, एवढेच म्हणणारेही त्यांच्यात होते. १९६४ मध्ये पक्ष फुटला. सगळ्यांना एकाच काठीने हाकल्यामुळे चीनची खरोखर तळी उचलणारे किती आणि केवळ बोलणी हवी म्हणणारे किती, याचा हिशेब तेव्हाही कोणी केला नाही आणि नंतर तो करणे अवघड झाले.

खान शेखूनबद्दल उद्योजकांना उत्तर देणे राहिले. तो आक्षेप मला टाळता येत नाही. परंतु तिथे फसवणूक झाली ती कराराच्या पालनात, आणि कराराची हमी घेणारा रशिया होता. ज्याने सप्टेंबर २०१३ मध्ये सनदेचा मुद्दा मान्य केला, त्याने साठ्याची तपासणीही तितक्याच हट्टाने मागायला हवी होती. ते झाले नाही, हा दोष मी मान्य करतो. क्षेपणास्त्रे डागली असती तर तो साठा संपला असता, हे मात्र मला कोणी अद्याप पटवून दिलेले नाही.

---

शिरोलीकर उद्योजक

सर, तुम्ही शांततेच्या काळातली आणि युद्धानंतरची उदाहरणे दिलीत. सुभेदारसाहेबांचे उदाहरण युद्धाचे आहे, परंतु श्रीलंका हा काही आपला शत्रू नव्हता. माझा प्रश्न एवढाच आहे की, गोळ्या चालू असताना काय? २० ऑक्टोबर १९६२ नंतरच्या महिन्यात कोणी बिंदू चौकात उभे राहून चौ एन-लाय यांचा अमुक मुद्दा बरोबर आहे असे म्हटले असते, तर तुम्ही त्याला चौथऱ्यावर चढू दिले असते का?

---

बिंदूचौककर (धागाकर्ता)

त्या महिन्यात दिल्लीत काय झाले ते सांगतो. तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी युद्ध चालू असतानाच संसदेचे अधिवेशन बोलवा अशी मागणी केली. नेहरूंनी ती मान्य केली आणि ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झाले. बैठक गुप्त घ्यावी अशी सूचना एका सदस्याने केली होती, तीही नेहरूंनी नाकारली. तवांग पडलेले असताना सरकारच्या चीन धोरणाची उघड चिरफाड झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचे पद आधीच गेले होते, आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले.

---

शिरोलीकर उद्योजक

तुमच्याच उदाहरणाने माझे म्हणणे सिद्ध होते, सर. त्या अधिवेशनात टीका झाली ती तयारी का केली नाही यावर. १४ नोव्हेंबरचा ठराव आक्रमकाला हुसकावून लावण्याचा होता आणि तो सभागृहाने उभे राहून संमत केला. चौ यांची बाजू घेऊन कोणी उभे राहिले नाही. टीका आणि सहमती यांच्यामधली रेषा त्या सभागृहाला कळत होती, आणि युद्ध चालू असताना ती ओलांडायची नसते, एवढेच मी पहिल्यापासून म्हणतो आहे.

---

सुभेदार, शिरोळ तालुका (निवृत्त)

उद्योजकसाहेबांशी मी अर्धा सहमत आहे. लढाई चालू असताना चौकात भाषण नको, कारण ते भाषण शत्रूच्या रेडिओवर दुसऱ्या दिवशी वाजते आणि खंदकातला माणूस ते ऐकतो. परंतु लढाई होण्याआधी समोरच्याचे म्हणणे काय आहे हे आपल्या लोकांना पूर्ण ऐकू द्यायला हवे. तसे ते ऐकू दिले होते का, हे सरांनी सांगावे.

---

बिंदूचौककर (धागाकर्ता)

दिले होते, आणि ते सरकारनेच दिले होते. सप्टेंबर १९५९ पासून भारत सरकारने चीनशी झालेला सर्व पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांच्या रूपाने छापायला सुरुवात केली. त्यांत चौ एन-लाय यांचे ८ सप्टेंबर १९५९ चे पत्र आहे, ज्यात पूर्वेकडील सीमा ठरवणारी मॅकमहोन रेषा चीनला का मान्य नाही याचा त्यांचा संपूर्ण युक्तिवाद आहे, आणि नेहरूंचे २६ सप्टेंबरचे सविस्तर उत्तरही आहे. प्रतिस्पर्ध्याची बाजू आपल्याच सरकारी छापखान्यात छापून कोणाही नागरिकाला वाचायला उपलब्ध होती. त्यामुळे १९६२ च्या अधिवेशनात चौ यांच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, याचा एक अर्थ असाही निघतो की ती बाजू वाचून लोकांनी ती नाकारली होती. उद्योजक म्हणतात त्या रेषेचे भय हे एकच कारण नव्हते.

ही दोन्ही पत्रे इंटरनेटवर मिळतात. हरकत नसेल तर पुढच्या धाग्यात ती परिच्छेदवार घेऊ. चौ यांच्या पत्रातले कोणते विधान आज आपल्याला मान्य करावे लागते आणि कोणते नाही, हे उद्योजकांनी ठरवावे आणि नेहरूंच्या उत्तराची तीच तपासणी मी करतो.

---

शिरोलीकर उद्योजक

मान्य. पण काम उलटे वाटून घेऊ, सर. नेहरूंचे पत्र मी तपासतो आणि चौ यांचे तुम्ही.